जित्या माणसाचा दगड

बिराप्पाला उभ्या जन्मात कुणी "हलू नका" म्हणून सांगितलं नव्हतं. मेंढरांबरोबर बारा गावचं पाणी पिणाऱ्या माणसाला असं कोण सांगणार? आणि आता त्याचाच थोरला लेक कोंडीबा त्याला माधवनगरातल्या आपल्या भाड्याच्या खोलीत एका उपड्या डब्यावर बसवून, "अप्पा, मान हलवू नका, अप्पा, खिडकीकडं बघू नका," असं दमात घेत होता. बिराप्पा बोहल्यावरच्या नवऱ्यासारखा ताठ बसला होता, आणि खरं सांगायचं तर मनातून तितकाच खूष होता.

कोंडीबा पेंटर होता. माधवनगरच्या एका कापडगिरणीत ताग्यांवर चिकटवायची चित्रं तो काढायचा. कमळातली लक्ष्मी, तलवार घेतलेला सिंह, झोपाळ्यावरची बाई. लहानपणी मेंढरं राखताना तो कोळशानं खडकांवर मेंढरं काढत बसायचा आणि खरी मेंढरं कुणाच्या तरी शाळवात शिरायची. दुसऱ्या धनगराच्या घरात अशा पोराच्या पाठीत काठी बसली असती. बिराप्पानं काठी उचलली नाही. "एक मेंढरं राखंल, एक मेंढरं काढंल," म्हणाला, आणि धाकट्या धुळाला कळपात ठेवून थोरल्याला साताऱ्याच्या बोर्डिंगात सोडून आला. भावकीनं तोंडात बोटं घातली. पुढं कोल्हापूरला एका पेंटरच्या हाताखाली कोंडीबाचा हात बसला आणि तो गिरणीत चिकटला. बापाचे उपकार तो विसरला नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं लोक त्याला कृतघ्न म्हणाले, आणि तेवढा वाईट तो खरंच नव्हता.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. दिवाळी झाली की जतकडच्या कोरड्या माळावरनं धनगरांचे कळप पश्चिमेला, कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतात. बागायतदार आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्याला खत मिळतं, धनगराला जोंधळा मिळतो आणि मेंढरांना चारा. बिराप्पाचा तळ त्या साली रहिमतपूरच्या शिवारात पडला होता. लेकाचा सांगावा आला, "तुमचं चित्तर काढायचं हाय, या," तसा कळप धुळाच्या हवाली करून तो आगगाडीनं निघाला. गाडीत जागा असूनही तो माधवनगरपर्यंत उभाच राहिला. का म्हणून विचारलं तर म्हणाला, "चालत्या घरात बसायचं कसं रं?"

"तोंड हललं तर चालंल का?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.

"चालंल," कोंडीबा म्हणाला.

मग काय, बिराप्पाचं तोंड सुटलं. कोंडीबानं शंभरदा ऐकलेली गोष्ट त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावली. पहिली मेंढरं वारुळात कोंडलेली होती. महादेवानं वारूळ फोडलं तशी ती भसाभसा बाहेर आली, काळी, पांढरी, तांबडी, सारा माळ भरला. पण ती कुणाचं ऐकेनात. ही डोंगराला जाते, ती ओढ्याला जाते. देवाच्या नाकी नऊ आले. तेव्हा देवानं एक माणूस केला आणि त्याला सांगितलं, तू नुसता पुढं चाल.

"त्यो चालला आन् समदी मेंढरं त्येच्या मागनं गेली. त्यो पयला धनगर," बिराप्पा म्हणाला. "मेंढराला मागनं हाकत न्हाईत, कोंडू. मागनं हाकतो त्यो खाटीक. धनगर म्होरं चालतो."

कोंडीबा हे सगळं कॅनव्हासवर उतरवत होता, पण आपल्या पद्धतीनं. सांगलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारे प्रोफेसर आठल्ये त्याला परदेशी मासिकं आणून देत. त्यातल्या चित्रांत घरांना पंख असायचे, समुद्रात जिने उतरलेले असायचे, स्वप्नात दिसावं तसं सगळं. ती बघून कोंडीबाची झोप उडाली होती. लक्ष्मी आणि सिंह काढून त्याला वीट आला होता. म्हणून त्यानं तांबडा माळ काढला, त्यावर फुटलेलं वारूळ काढलं, आणि त्यातनं निघणारी मेंढरं जमिनीवर न उतरता सरळ आभाळात चढत चाललेली काढली. मधोमध खांद्यावर घोंगडं आणि हातात काठी घेतलेला बिराप्पा. त्याचे पाय जमिनीला टेकलेले नव्हते.

तोंड मात्र हुबेहूब होतं. उन्हानं बारीक झालेला डावा डोळा, लांडग्याच्या झटापटीत मधोमध फाटलेली भुवई, तंबाखूनं पिवळी पडलेली मिशी. चित्र झालं तेव्हा कोंडीबानं बापाला समोर उभं केलं. बिराप्पानं आपलं तोंड तोवर न्हाव्याच्या आरशातच काय ते बघितलेलं, तेही अर्धं साबणात बुडालेलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं हळूच आपल्या मिशीला हात लावून पाहिला.

"ह्यो मी?"

"व्हय."

"लय म्हातारा झालो की रं!" तो हसला. "पर झ्याक हाय. मेंढरं आभाळात कशाला धाडलीस ते तुजं तुला ठावं. तोंड झ्याक हाय. तुज्या आयेला दावतो."

साताऱ्याला पुढच्या महिन्यात प्रदर्शन होतं, तिथं सगळ्यांनी यायचं असं ठरलं. बिराप्पा तळावर परतला आणि भेटेल त्याला सांगत सुटला, "कोंडूनं मला काढलाय." बायकोला, भामाबाईला तर त्यानं भुवईसकट सगळं इतक्यांदा सांगितलं की ती वैतागून म्हणाली, "आवं, तोंड हितंच हाय की, बघतीया मी."

चार दिवसांनी आठल्ये सायकलवरून चित्र बघायला आले. माणूस सज्जन. सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा, आणि बोलायला लागला की समोरच्याची जात, पगार, कपडे काही न बघणारा.

"माळ, वारूळ, आभाळ, सगळं अफाट आहे," ते म्हणाले. "पण हे तोंड! तोंडाशी आलं की चित्र थांबतं, कोंडीबा. हे कोण आहेत ते लगेच कळतं. एक म्हातारा धनगर. झालं. संपलं."

"माझे वडील आहेत ते."

"तेच म्हणतो मी. पॅरिसकडे हल्ली काही मंडळी म्हणताहेत, माणूस आधी नुसता असतो. कोरा. तो कोण, हे नंतर त्याचं त्यानं ठरवायचं. देवानं नाही, जातीनं नाही, बापानं नाही. तुम्ही तर ते आधीच ठरवून टाकलंत."

जातीनं नाही. हा शब्द कोंडीबाच्या काळजाला भिडला. बोर्डिंगात त्याच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून पोरं नाक धरायची. कोल्हापुरात त्याचं चित्र बघून लोक आधी "धनगराचा ना तू?" म्हणायचे आणि मग चित्राकडं वळायचे. तू कोण हे तुझं तू ठरव, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सुरी घेतली आणि बापाचं तोंड खरवडून काढलं. रंग अजून ओला होता, सहज निघाला. टर्पेन्टाईनच्या बोळ्यानं त्यानं उरलंसुरलं पुसलं, आणि मानेच्या वर एक गोल, पाण्यानं गुळगुळीत झालेला दगड काढला. आपल्या धनगरांच्या बिरोबाला तरी कुठं तोंड असतं? त्यालाही आपण दगडातच बघतो. म्हणून त्या दगडाला त्यानं वरून भंडाऱ्याचा, हळदीचा, पिवळा हात दिला.

आणि काय सांगावं, चित्र उभं राहिलं! त्या पिवळ्या दगडानं सगळा माळ पेटल्यासारखा दिसायला लागला. कोंडीबा त्या दिवशी गिरणीत गेलाच नाही. आयुष्यात पहिल्यांदा आपण चित्र काढलं असं त्याला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

एकच गोष्ट त्याला आठवायला हवी होती. त्यांच्यात घरातला कर्ता माणूस गेला की त्याला माती देतात, आणि मग त्याचा थोरला लेक ओढ्यातला एक गोल दगड शोधून आणतो, धुतो, भंडारा लावतो आणि वाडीबाहेर पितरांच्या ओळीत मांडतो. तो दगड म्हणजेच मग तो माणूस. कोंडीबाच्या आज्याचा दगड बिराप्पानं मांडला होता, आणि लहान कोंडीबानं त्यावर स्वतःच्या मुठीनं भंडारा उधळला होता. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या सकाळी त्याच्या डोक्यात पॅरिस होतं. पुढं आयुष्यभर तो स्वतःला हाच प्रश्न विचारत राहिला, की मला आठवलं कसं नाही?

साताऱ्याच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं, तसा रहिमतपूरचा अर्धा तळ तिथं येऊन धडकला. बिराप्पानं धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. भामाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. घोंगड्यांचा हा घोळका बघून दारावरचा शिपाई गडबडला, पण आठल्ये स्वतः पुढं झाले आणि सगळ्यांना मानानं आत घेऊन गेले. कोंडीबा चित्राशेजारी उभा होता. बाप आपल्याकडं अभिमानानं बघत येतोय हे त्याला दिसलं आणि तो नकळत अर्धं पाऊल चित्रापुढं सरकला.

"ह्येच की," बिराप्पा भामाबाईला म्हणाला. "ही काठी माजी. ह्ये घोंगडं." मग तो थांबला.

"आन् तोंड कुठाय?" भामाबाईनं विचारलं. ती जवळ गेली. तिनं दगड बघितला, दगडावरचा भंडारा बघितला आणि चटकन पदर तोंडावर ओढून घेतला. एक म्हातारी कुणाच्या तरी आधारानं खाली बसली.

बिराप्पानं लेकाकडं बघितलं. रागावला नव्हता. परक्या मुलखात वाटेचा फाटा विचारावा तसं त्यानं विचारलं, "मी कवा मेलो रं, कोंडू?"

"अप्पा, तसं न्हाई. ते तुमचं चित्तर न्हाई. म्हंजी तुमचंच, पर... माणसाचं हाय. कुणाच्याबी."

आठल्यांनी हात जोडून समजावलं. मनापासून समजावलं. बिराप्पानं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना "व्हय जी," म्हणाला. मग लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "मांडलास तर मांडलास. थोरल्यानंच मांडायचा असतो, त्यात चूक न्हाई. पर जितेपणी मांडत न्हाईत, बाळा." एवढं बोलून तो बाहेर पडला आणि त्याच्या मागं सगळा तळ निघून गेला.

संध्याकाळी कोंडीबाच्या कोटाला पदक लावलं गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण टाळ्यांचा आवाजही गोड लागत होता, आणि माणसाला एका वेळी दोन्ही वाटू शकतं, हीच तर पंचाईत आहे.

पंधरवड्यानं धुळा माधवनगरला आला. खोलीत आला तो बसलाच नाही.

"दादा, अप्पा मागनं चालतोय," तो म्हणाला.

कोंडीबाला आधी कळलंच नाही. मग धुळानं सांगितलं. साताऱ्याहून परतल्यावर बिराप्पानं काठी धुळाच्या हातात दिली आणि स्वतः कळपाच्या मागं गेला. ज्याचा दगड मांडला त्यानं कळपाच्या पुढं चालायचं नसतं. मेंढरं मुकी, ती बिचारी त्याच्या मागं मागं तिकडंच जायची, जिथून येत नाहीत. जेवायला तो सगळ्यांचं झाल्यावर बसतो. अवसेला पितरांचं पान तळाबाहेर ठेवतात, तर म्हणाला, माझंही तिथंच वाढा. भामाबाईनं ते पान भिरकावून दिलं.

"त्येला कोण समजावणार? म्हनतो, ज्यानं मांडला त्यानंच उचलायचा, दुसऱ्याच्या हातनं उठत न्हाई," धुळा म्हणाला. "तू त्यो दगुड पूस आन् तोंड काढ. येवढंच हाय, दादा. तुला काय जड हाय?"

चित्र भिंतीला टेकून होतं. शेजारी त्याची लाकडी पेटी तयार होती, दोन दिवसांनी ते मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनाला जायचं होतं.

"मी अप्पांचं दुसरं काढतो. नुसतं तोंडाचं. मोठं."

"दुसरं काढून ह्यो कसा उठंल?"

"धुळा, हा रंग हाय रं. कापडावर लावलेला रंग. ह्यानं कुणी मरत न्हाई."

"मला कशाला सांगतोस? मी मेलो न्हाई."

कोंडीबा चिडला. चिडायचं कारण हेच, की धुळाचं म्हणणं त्याला पटत होतं. एक सकाळ बसलं असतं तर काम झालं असतं. पण एक सकाळ बसलं असतं तर ते चित्र राहिलं नसतं. एक म्हातारा धनगर राहिला असता. "मुंबईहून परत आलं की काढतो," तो म्हणाला. "आठ-दहा महिन्यांचा प्रश्न."

"तवर आमी म्होरं कुणाला चालवायचं?"

"तू हायस की. तू चाल."

धुळानं भावाकडं एकदा बघितलं, पायताण घातलं आणि पाणीही न पिता गेला. कोंडीबानं पेटीला खिळे ठोकले.

आठल्यांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "आपण त्यांना विचारायला हवं होतं, कोंडीबा," एवढंच ते म्हणाले. पण तोवर चित्र गेलं होतं.

मुंबईत त्याचं नाव झालं. पावसाळ्याच्या तोंडाला तिकडून निरोप आला की एका गोऱ्या साहेबाला चित्र हवं आहे. साहेब आपला बाडबिस्तरा आवरून विलायतेला चालला होता, तेव्हा सगळेच चालले होते, आणि जाताना ते बरोबर न्यायचं म्हणत होता. कोंडीबानं दोन दिवस उत्तर दिलं नाही. त्या दोन दिवसांत त्याला आई दिसली, भिरकावलेलं पान दिसलं, रानाच्या कडेनं मेंढरांच्या मागं चालणारा बाप दिसला. आणि हेही दिसलं, की वारुळातनं निघालेली आपली मेंढरं समुद्रापार चालली आहेत, आणि आपल्या कुळातल्या कुणाचं कधी एवढं लांब काही गेलेलं नाही. नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण त्यानं हो म्हटलं. त्यानंतर त्यानं बरेच दिवस ब्रशला हात लावला नाही, गिरणीच्या लक्ष्मीखेरीज.

स्वराज्य आलं. गिरणीवर झेंडा लागला, पेढे वाटले. दसरा झाला, दिवाळी झाली. कळप पुन्हा पश्चिमेला उतरल्याचं कळलं. या खेपेला तळ उंब्रजजवळ लालासाहेब नावाच्या बागायतदाराच्या रानात होता. कोंडीबा रंगांची पेटी घेऊन निघाला. काय सांगायचं हे त्यानं ठरवलं नव्हतं. नवं चित्र काढू, म्हाताऱ्याला हसवू, होईल काहीतरी, एवढंच त्याच्या मनात होतं.

भामाबाई पालापुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. लेकाला बघून उठली नाही.

"म्हातारा बरा हाय का?" कोंडीबानं विचारलं.

"बरा हाय. जेवतो, झोपतो, लेकरास्नी खेळीवतो," ती म्हणाली. "आन् भांडत न्हाई. तीस वर्सं माज्याशी भांडला त्यो माणूस. मीठ जास्ती पडलं म्हणून भांडायचा, न्हाई पडलं म्हणून भांडायचा. वरीस झालं, काय बी ताटात टाक, गुमान खातो. भांडत न्हाई त्यो माणूस जिता कसला रं, कोंडू?"

तेवढ्यात बिराप्पा कळपाच्या मागनं आला. वाळला होता. लेकाला बघून मात्र त्याच्या बारीक डोळ्यात हसू आलं. "आलास? बस. दूध पी."

"अप्पा, तुमचं चित्तर काढायचं हाय. नवं."

"आता कशाला? येकदा काढलंस की." मग तो जवळ येऊन बसला आणि अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "त्यो दगुड?"

वर्षभरात त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं. कोंडीबानं वर बघितलं. भाकरी तव्यावर तशीच सोडून आई त्याच्याकडं बघत होती. धुळा बघत होता. आणि बापाच्या त्या फाटक्या भुवईखाली अशी आशा होती की कोंडीबाच्यानं ते बघवेना.

"उचलला, अप्पा," तो म्हणाला. "मुंबईला जाऊन पुसला. तोंड काढलं."

"माजं?"

"तुमचंच."

"भुवई?"

"फाटल्याली. जशी हाय तशी."

बिराप्पानं हळूच आपल्या भुवईवरनं बोट फिरवलं. मग तो एकदम भामाबाईकडं वळला आणि ओरडला, "आगं, करपली की भाकर! ध्यान कुठाय तुजं?"

भामाबाई हसत होती आणि रडत होती. करपलेली भाकरी तिनं उचलली नाही. आतनं भंडाऱ्याची पिशवी आणून तिनं नवऱ्याच्या कपाळाला मूठभर लावला, लेकांना लावला, मेंढरांच्या दिशेनं उधळला. धुळानं काठी आणून बापाच्या हातात दिली. देताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की ती काठी त्याला किती जड झाली होती हे कोंडीबाला तेव्हा कळलं. खोटं बोललो ते बरंच केलं, असं त्याच्या मनात आलं. एका शब्दानं माणूस उठून बसतो, तर तो शब्द खरा की खोटा कोण तपासायला बसलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ हलणार होता, मसूरच्या अंगाला, दुसऱ्या बागायतदाराच्या रानात. बायकांनी घोड्यांवर बिऱ्हाड चढवलं. बिराप्पानं मुंडासं घट्ट बांधलं, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि तो कळपाच्या मधनं वाट काढत पुढं जाऊन उभा राहिला. पाठ सरळ झाली होती. आदल्या दिवशीचा वाळलेला म्हातारा तो नव्हेच. त्यानं काठी उचलली आणि हाळी दिली, लांब, घशातनं निघणारी, कोंडीबानं पाळण्यात ऐकलेली. मग मागं न बघता तो चालायला लागला. धनगर मागं बघत नाही.

मेंढरं चरत राहिली.

बिराप्पा वीसेक पावलं गेला असेल. मागं खुरांचा आवाज येईना तशी त्याची चाल मंदावली. त्यानं पुन्हा हाळी दिली. दोन-तीन जुन्या मेंढ्यांनी माना वर केल्या. गळ्यात घंटी बांधलेला पुढचा मेंढा, ज्याच्या मागं सारा कळप निघतो, तो धुळाकडं बघत उभा होता. वर्षभरात कळपात नवी कोकरं आली होती, त्यांना तर ही हाळी कुणाची हेच ठाऊक नव्हतं.

"चला गं, चला," भामाबाई मेंढरांना म्हणाली.

धुळाला राहवेना. मेंढ्याला वाटेला लावावा म्हणून तो दोन पावलं पुढं झाला. त्याबरोबर घंटी वाजली आणि सगळा कळप हलला, धुळाच्या मागं. धुळा जागच्या जागी थिजला. कळपही थांबला.

बिराप्पानं आता मागं वळून बघितलं होतं. त्यानं सगळं बघितलं. मग तो परत आला, मेंढरांना हातानं बाजूला करत, सावकाश, आणि कोंडीबासमोर उभा राहिला.

"न्हाई उचललास," तो म्हणाला.

सांगण्यासारखं कोंडीबाजवळ होतं. धनगराच्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. अप्पा, वर्षभर मेंढरांनी धुळाची पाठ बघितलीया, धुळाची हाळी ऐकलीया, चार दिवस दोघं मिळून चाला, येतील तुमच्या मागं. दुसऱ्या कुणाच्या कळपाचं असं झालं असतं तर हेच बिराप्पानं आधी सांगितलं असतं. प्रत्येक शब्द खरा होता. पण तो बोलायचा तर आधी बापाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणायला हवं होतं, की दगड मी उचललाय. कोंडीबानं दोनदा तोंड उघडलं.

"त्ये आता हितं न्हाई, अप्पा," शेवटी तो म्हणाला. "सायबानं नेलं. समिंदरापार."

"दगुड तसाच?"

"तसाच."

भामाबाई मटकन खाली बसली. तिनं आरडाओरडा केला असता, लेकाच्या अंगावर धावून आली असती, तर कोंडीबाला बरं वाटलं असतं. तिनं भंडाऱ्यानं पिवळे झालेले हात लुगड्याला पुसले. बिराप्पानं मान हलवली. समजल्यासारखी, दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकून हलवावी तशी.

"लांब मांडलास," तो म्हणाला. "तितं भंडारा कोण घालंल रं?"

त्यानं काठी धुळाच्या हातात दिली. धुळा घेईना, तेव्हा त्याची बोटं आपल्या हातानं काठीभोवती मिटवली. धुळानं हाळी दिली, घंटी वाजली आणि कळप मसूरच्या वाटेला लागला. सगळी मेंढरं पुढं गेल्यावर बिराप्पा मागनं निघाला. एक लंगडं कोकरू मागं राहिलं होतं, ते त्यानं उचलून घोंगड्यात घेतलं.

कोंडीबा धावत त्याच्याजवळ गेला आणि त्याच्या पावलाला पाऊल लावून चालायला लागला. नुसतं बापाच्या शेजारी चालावं, तो जाईल तिथवर, एवढंच त्याला वाटत होतं.

बिराप्पा थांबला. त्यानं लेकाला धाकट्याच्या दिशेनं हळूच ढकललं.

"तू म्होरं जा, धुळासंगं," तो म्हणाला. "मागं नगं चालू. तू जिता हायस."